व्हेरा ॲटकिन्स, नूर इनायत खान आणि ती 'चौथी बाई'

खाडीपलीकडची (ऐरोली)

नूर इनायत खानबद्दल इथे आधी धागे येऊन गेलेत. टिपू सुलतानाची वंशज, इंग्रजांची हेर, दाखाउच्या नाझी छळछावणीत गोळी घातली, हे सगळ्यांना माहितीय, ते परत उगाळत नाही. मला लिहायचंय ते तिला शोधायला निघालेल्या बाईबद्दल. त्या शोधात मधेच एक असा घोळ झाला की तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि नूरवरच्या बहुतेक मराठी लेखांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९४० मध्ये चर्चिलच्या सरकारने एसओई नावाचं खातं काढलं, शत्रूच्या मुलखात घुसून घातपात करायचे, वायरलेसवरून बातम्या पाठवायच्या, असली कामं. त्यातल्या फ्रान्स बघणाऱ्या एफ सेक्शनने चारशेच्या वर माणसं आत उतरवली, त्यात ३९ बायका होत्या. साहेब होता मॉरिस बकमास्टर आणि ऑफिस खऱ्या अर्थाने चालवायची व्हेरा ॲटकिन्स. १९४१ ला सेक्रेटरी म्हणून लागली आणि बघता बघता सगळी सूत्रं हातात आली. एजंटच्या कोटावर लंडनच्या शिंप्याचं लेबल राहिलं नाही ना, खिशात पॅरिस मेट्रोचं तिकीट टाकलंय का, हे ती स्वतः बघायची. विमानतळावर सोडायलाही जायची. नूर १६ जून १९४३ च्या रात्री छोट्या लायसँडर विमानाने गेली, तेव्हा टँगमीअरला निघायच्या आधी तिने व्हेराच्या जॅकेटवरच्या चांदीच्या पक्ष्याच्या पिनेचं कौतुक केलं तर व्हेराने ती पिन काढून तिला लावली असं सांगतात.

पुढे नूर पकडली गेली, बाकीचेही पकडले गेले. युद्ध संपलं तेव्हा एफ सेक्शनचे ११८ जण परत आले नव्हते. जर्मनांचं 'रात्र आणि धुकं' नावाचं एक फर्मानच होतं, डिसेंबर १९४१ चं, की असल्या कैद्यांचा मागमूस ठेवायचा नाही, घरच्यांना काही कळवायचं नाही, नोंद नाही, कबर नाही. एसओई खातं जानेवारी १९४६ ला बंदच केलं. म्हणजे ज्या ऑफिसने ही माणसं पाठवली ते ऑफिसच उरलं नाही. व्हेरा मात्र हवाईदलाच्या महिला शाखेचा गणवेश घालून जर्मनीत गेली आणि युद्धगुन्हे तपासणाऱ्या ब्रिटिश पथकाबरोबर तुरुंग, छावण्या, पकडलेले अधिकारी, सुटलेले कैदी असं एकेकाला गाठत फिरली. आउश्वित्झच्या कमांडंट हेसची चौकशीसुद्धा तिने केली. शेवटी ११८ पैकी ११७ जणांचं काय झालं ते तिने लावून दाखवलं. ना कॉम्प्युटर, ना डीएनए, नुसते जबाब आणि स्मरणशक्ती.

आता तो घोळ. नात्झवायलर म्हणून छावणी होती, अल्सासच्या डोंगरात, पुरुषांची. ६ जुलै १९४४ ला तिथे अचानक चार बायका आणल्या आणि त्याच रात्री विषारी इंजेक्शन देऊन भट्टीत टाकल्या. त्यांना बघणाऱ्यांत ब्रायन स्टोनहाउस होता, हाही एसओईचाच वायरलेसवाला पण मुळात फॅशनची चित्रं काढणारा चित्रकार. त्यामुळे त्याला दुसऱ्या कोणाच्या लक्षात राहिलं नसतं ते लक्षात राहिलं, एकीच्या हातात जुनाट फरचा कोट, एकीच्या केसांना रंगीत चौकड्यांची स्कॉटिश रिबन, एकीचे केस रंगवलेले आणि मुळाशी काळे. ह्या वर्णनांवरून आणि बाकीच्या जबाबांवरून व्हेराने तिघी ओळखल्या. आंद्रे बोरेल, व्हेरा ली (ही वेगळी व्हेरा), डायना रोडन. चौथी ठेंगणी आणि काळ्या केसांची. यादीत अजून ठेंगणी आणि काळ्या केसांची कोण बेपत्ता आहे? नूर. झालं, नूर नात्झवायलरला मेली असं ठरलं, तिच्या घरी तसं कळवलंही. १९४६ च्या उन्हाळ्यात नात्झवायलरचा खटला चालला, तेव्हा व्हेराच्या हिशेबात चौथी नूरच होती.

आणि मग फोर्त्झहाइमच्या तुरुंगातून सुटलेल्या योलांद लाग्राव्ह नावाच्या फ्रेंच कैदी बाईकडून कळलं की आमच्या तुरुंगात एक इंग्रज बाई एकटीला कोंडलेली होती, हातापायात साखळ्या. कोणाशी बोलायची बंदी, पण जेवणाची भांडी सगळ्या कोठड्यांतून फिरतात, तर ह्या बायकांनी भांड्याच्या बुडाला निरोप कोरायला सुरुवात केली. त्या बाईने उलट कोरून पाठवलं, नाव नोरा बेकर, पत्ता ४ टॅव्हिटन स्ट्रीट, लंडन. नोरा बेकर म्हणजेच नूर, हवाईदलात ती ह्याच नावाने होती, बेकर तिच्या आईचं माहेरचं आडनाव आणि पत्ताही घरचाच. ही बाई तिथे सप्टेंबर १९४४ पर्यंत जिवंत होती, मग जुलैमध्ये नात्झवायलरला ती कशी असेल?

असं ते सगळं परत उकरून निघालं. नूरला १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाउमध्ये मारलं, बरोबर योलांद बीकमन, एलियान प्ल्यूमन आणि मादलेन दामर्मों.

मग नात्झवायलरची चौथी कोण? सोनिया ओल्शानेत्स्की. वय २०, नृत्य करणारी ज्यू मुलगी, पॅरिसमध्येच भरती झालेली. लंडनला कधी आलीच नव्हती, म्हणून व्हेराच्या यादीत तिचं नावच नव्हतं. आणि जे यादीतच नाही ते समोर आलं तरी ओळखणार कसं? म्हणून तिच्या जागी दुसरीचं नाव बसलं.

आता कहर ऐका. १९४३ च्या ऑक्टोबरात ह्याच सोनियाने आपल्या होणाऱ्या नवऱ्यामार्फत स्वित्झर्लंडवरून लंडनला निरोप पाठवला होता की मादलेन पकडली गेलीय, तिच्या वायरलेसवर विश्वास ठेवू नका. मादलेन म्हणजे नूरचं टोपणनाव. बकमास्टरने तो निरोप बाजूला टाकला. कारण काय, तर ही सोनिया कोण ते माहीत नाही!

म्हणजे नूर पकडली गेली हे ओरडून सांगणारी बाई आधी अनोळखी म्हणून खोटी ठरली, आणि मेल्यावर नूर म्हणून नोंदली गेली.

घंटाळीचा_घंटाधारी

बाप रे. शेवटचे दोन परिच्छेद दोनदा वाचले. पुलेशु.

मिसळप्रेमी_ठाणे

वाचतोय. ऑफिसमधून नीट वाचता येत नाही, घरी जाऊन प्रतिसाद देतो, धागा वर ठेवा.

नौपाड्याची_मावशी

छान लिहिलंयस गं. थोडी भर घालते. नूरचे वडील हजरत इनायत खान हे आपल्या बडोद्याचे, १८८२ चा जन्म. त्यांच्या आईचे वडील मौलाबक्ष, सयाजीराव महाराजांच्या पदरी मोठे गवई, बडोद्याची गायनशाळा १८८६ मध्ये त्यांनीच सुरू केली, स्वरलेखनाची स्वतःची पद्धतही बसवली होती. टिपूचं नातं मौलाबक्षांच्या बायकोकडून येतं. आमचे गुरुजी मौलाबक्षांचं नाव घेताना कानाला हात लावायचे. त्या घरातली मुलगी मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळ वाढली, वीणा आणि हार्प वाजवायची, मुलांसाठी जातककथा लिहिल्या, आणि शेवट हा असा. वडील सूफी, अहिंसा मानणारे, खोटं बोलायचं नाही ही घरची शिकवण. प्रशिक्षणातल्या लोकांनी शेरे मारले होते की ही ह्या कामाची नाही. बकमास्टरने त्या शेऱ्यावरच बकवास म्हणून लिहिलं म्हणे.

कोपरीकर

लेख चांगला, पण व्हेराबाईंना जरा जास्तच डोक्यावर घेतलंय असं माझं मत. कोणी काही म्हणो.

वायरलेसवाल्यांना निरोपात एक खोटी खूण आणि एक खरी खूण टाकायला शिकवलेलं असायचं. खरी खूण नसली की समजायचं माणूस शत्रूच्या ताब्यात आहे. गिल्बर्ट नॉर्मन हा एफ सेक्शनचा वायरलेसवाला पकडला गेला, त्याच्या सेटवरून खरी खूण नसलेला निरोप गेला. लंडनने उलट काय कळवलं? खरी खूण विसरलास, पुढच्या वेळी लक्ष ठेव. जर्मनांच्या समोर! म्हणजे ती खूण असते हे त्यांना फुकटात सांगून टाकलं. नूरच्या सेटवरही जर्मन कित्येक महिने खेळत होते आणि लंडन त्यांना माणसं, पैसे, हत्यारं टाकत होतं.

आणि ज्या मादलेन दामर्मोंचं नाव तुम्ही नुसतं यादीत घेतलंत ना, ती २९ फेब्रुवारी १९४४ ला शार्त्रजवळ पॅराशूटने उतरली ती नूरच्या त्याच सेटवरून ठरलेल्या ठिकाणी. खाली गेस्टापो उभे. आणि सहा-सात महिन्यांनी दाखाउला नूरच्याच बरोबर मारली. हे सगळं ज्या ऑफिसात घडलं तिथे व्हेरा रोज बसत होती. एजंटांच्या घरी 'तुमच्या मुलाची खुशाली आहे' अशी छापील थाटाची पत्रं कोण पाठवायचं? तीच. माणूस तुरुंगात, आणि आईला पत्र की सगळं उत्तम.

मग युद्ध संपल्यावर शोधायला जाणं हे प्रेम का प्रायश्चित्त का स्वतःच्या ऑफिसची झाकापाक?

खाडीपलीकडची (ऐरोली)

@कोपरीकर, दामर्मोंचा मुद्दा जबरदस्त, तो मी मुद्दाम ठेवला नव्हता, लेख फार लांबत होता. पत्रांचंही बरोबर आहे.

पण एक सांगते. व्हेरा मूळची रोमानियाची, गालात्सची, १९०८ चा जन्म, मूळ आडनाव रोझेनबर्ग, ॲटकिन्स हे आईकडचं नाव इंग्रजी वळणाने घेतलेलं. रोमानिया जर्मनीच्या बाजूने होता म्हणजे कागदोपत्री ती शत्रुदेशाची नागरिक, आणि अशी बाई लंडनच्या सगळ्यात गुप्त खोलीत बसलेली! ब्रिटिश नागरिकत्व मिळालं मार्च १९४४ मध्ये. तोवर बकमास्टरच्या शिफारशीवर तिचं सगळं लटकलेलं. अशा बाईने साहेबाला 'सर, तुमचा सेट जर्मनांच्या हातात आहे' असं ठणकावून सांगितलं नाही, तर मला त्यात भित्रेपणापेक्षा अडचण जास्त दिसते. कॉन्ट्रॅक्टवर असताना मॅनेजरच्या चुका दाखवून बघा कधी.

झाकापाकच करायची असती तर नूर नात्झवायलरलाच मेली म्हणून फाइल बंद होती की. खटला झालेला, घरी कळवलेलं. तरी लाग्राव्हचा धागा लागल्यावर तिने परत सगळं काढलं, आपलंच आधीचं खोडलं. पॅरिसच्या ८४ अव्हेन्यू फॉशला, म्हणजे जर्मन सुरक्षा पोलिसांच्या मुख्यालयात, नूरची चौकशी करणारा कीफर, त्यालाही १९४७ मध्ये तुरुंगात जाऊन भेटली. त्याने कबूल केलं की नूरने काहीच सांगितलं नाही. नूर कशी मेली ते व्हेराने सांगितल्यावर तो रडायला लागला तर तिने त्याला झापलं, की इथे कोणी रडायचं असेल तर मी रडेन, हा तमाशा बंद कर.

कोपरीकर

अडचण होती हे मान्य. पण नोकरी जायची भीती एकीकडे आणि त्या मुलींचा जीव एकीकडे, हे एका तराजूत कसं घालता तुम्ही? कीफरला झापलं ते झकास, बकमास्टरला कधी झापलं का?

येऊरकर_२

नूरने काहीच सांगितलं नाही ठीक, पण तिने पाठवलेल्या सगळ्या निरोपांची वही घरी ठेवली होती आणि ती जर्मनांना सापडली, त्यावरूनच त्यांनी तिच्या ढंगात निरोप पाठवले. शौर्याबद्दल वाद नाही, जॉर्ज क्रॉस उगाच देत नाहीत, १९४९ ला दिला तिला. अव्हेन्यू फॉशहून पळून जायचा प्रयत्न पण केला २५ नोव्हेंबर १९४३ ला, छताच्या खिडकीचे गज काढून ती आणि अजून दोन कैदी असे तिघं गच्चीवर पोचले आणि नेमका हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, भोंगा झाला की कोठड्या तपासायच्या असा नियम, पकडले गेले. नशीब म्हणजे काय असतं बघा, भोंगा कोणाच्या विमानांमुळे तर इंग्रजांच्याच. परत पळणार नाही असं लिहून दे म्हणाले तर सही करायला नकार, म्हणून साखळ्या.

सीवूड्सचा_खलाशी

मी मर्चंट नेव्हीत होतो, आता रिटायर. ही यादीची गोष्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, टायपिंग सांभाळून घ्या.

एसएस तिलावा किती जणांनी ऐकलंय? २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून निघाली, मोंबासा, डर्बनकडे जाणारी प्रवासी बोट, साडेनऊशेच्या वर माणसं. २३ नोव्हेंबरच्या पहाटे जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. २८० जण गेले, ६७८ जणांना एचएमएस बर्मिंगहॅमने उचलून मुंबईला परत आणलं. पाणबुडी होती आय-२९. ही तीच, जिच्यावर पुढच्या एप्रिलमध्ये नेताजी सुभाषबाबू जर्मन पाणबुडीतून बदली होऊन बसले. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नाही, नंतर स्वतः वाचलं. तिलावावरचे डेकचे प्रवासी, त्यांच्यामागे कोणाची व्हेरा निघाली होती? घरातल्यांनीच २०२२ ला, ८० वर्षं झाल्यावर, मुंबईत बॅलार्ड पिअरला कार्यक्रम केला तेव्हा कुठे पेपरात आलं.

मिसळप्रेमी_ठाणे

घरी आलो, वाचला. अवांतर: नेताजी आणि तिलावा एकाच पाणबुडीचं हे माहीतच नव्हतं, आता झोप लागणार नाही.

राममारुती_रोड

आमच्या घरातलं सांगते. आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ गोदीत हमालीवर होते, ठाण्याहून रोज जायचे. १४ एप्रिल १९४४, फोर्ट स्टिकीन बोट व्हिक्टोरिया डॉकला फुटली. बोटीत कापूस आणि चौदाशे टन दारूगोळा एकत्र भरलेला, वर सोन्याच्या विटा. स्फोट असा की त्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. त्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेलेले, डबा नाही आला, माणूस नाही आला. मेलेल्यांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत कुठलेही सांगतात, आणि आमचे ह्यातल्या कुठल्या आकड्यात आहेत ते देव जाणे. लढाई चालू, पेपरवर सेन्सॉर, कोणी विचारायला आलं नाही. रोजंदारीचा माणूस, मस्टरवर मुकादम सांगेल ते नाव. आजेसासूबाईंच्या जाऊबाईंनी बरीच वर्षं कुंकू पुसलं नाही, मग कोणीतरी समजावलं. सोन्याच्या विटा मात्र २०११ ला गाळ काढताना सुद्धा सापडल्या आणि सरकारजमा झाल्या, त्यांची नोंद पक्की होती.

नौपाड्याची_मावशी

@राममारुती_रोड, अगं काय लिहिलंस हे. विटांची नोंद पक्की.

खाडीपलीकडची (ऐरोली)

@राममारुती_रोड, हेच मला सोनियाबद्दल वाटत होतं आणि लेखात नीट मांडता येत नव्हतं. फ्रान्समध्ये व्हॅलांसेला एफ सेक्शनचं स्मारक आहे, ६ मे १९९१ ला उघडलं, १०४ नावं, ९१ पुरुष १३ बायका. नूर आहे. सोनिया नाही. कारण ती लंडनच्या पटावर नव्हती, स्थानिक भरती. नात्झवायलरला एकाच रात्री, एकाच भट्टीत गेलेल्या चौघींपैकी तिघी त्या दगडावर आहेत.

येऊरकर_२

म्हणजे तिचा मुकादम लंडनला नाव कळवायचं विसरला.

पामबीच_पंडित

प्रश्न: हे सगळं बाहेर कसं आलं मग? व्हेराने स्वतः सांगितलं का?

कोपरीकर

व्हेराने? छे. तोंड मिटून बसली, हेस्टिंग्जला २००० साली वारली. बाहेर काढलं दुसऱ्या एका बाईने. जीन ओव्हर्टन फुलर, लंडनमधली नूरची मैत्रीण, १९५२ मध्ये तिने नूरचं चरित्र लिहिलं आणि मग जर्मनांच्या वायरलेसच्या खेळाच्या मागेच लागली, जर्मन अधिकाऱ्यांना गाठून प्रश्न विचारले. मग आयरीन वॉर्ड म्हणून एक खासदार बाई होत्या, त्यांनी १९५८ च्या सुमारास सरकारला पार्लमेंटमध्ये धारेवर धरलं, आणि शेवटी १९६६ मध्ये सरकारी इतिहास छापून आला. तपास करणारी बाई म्हणून धागा काढायचा तर माझं मत फुलरबाईंना. तिला ना गणवेश, ना गाडी, ना हुद्दा.

खाडीपलीकडची (ऐरोली)

फुलरवर वेगळा धागा काढा ना तुम्ही, मी पहिला प्रतिसाद देते. पण ती विचारू शकली कारण व्हेराने माणसं शोधून, जबाब घेऊन ठेवले होते हेही लिहा त्यात.

सीवूड्सचा_खलाशी

@राममारुती_रोड ताई, गोदी कामगारांचं कठीण आहे, पण इतर कोणाच्या घरचं सैन्यात किंवा बोटीवर गेलेलं असेल तर सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं, फुकट आहे. स्पेलिंगच्या भरवशावर राहू नका, गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय, जाधवचं चार प्रकारे आहे. त्यापेक्षा रेजिमेंट आणि वर्ष टाका आणि यादी चाळत बसा, बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव आणि गाव, जिल्हा असतो, त्यावरून पटतं. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, इटलीत १० जुलै १९४४ ला गेले, त्यांचीही कबर नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. इतक्या मोठ्या माणसाची कबर नाही तर आपल्या आजोबांची नसली म्हणून शोध सोडू नका. बोटीवरच्या लोकांसाठी मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये नावांच्या वह्या आहेत, खलाशी आणि नौदलाची मिळून सहा हजारांवर नावं.

राममारुती_रोड

धन्यवाद दादा. माहेरी आईचे एक काका बोटीवर गेलेले होते, त्यांचं बघते. कोणी येणार असेल तर मशीद बंदरला एकत्र जाऊ, मला तिथलं काही कळत नाही.

मिसळप्रेमी_ठाणे

मी येतो. रविवारी?

सीवूड्सचा_खलाशी

रविवार नको, मेगाब्लॉक असतो, आणि आधी फोन करून विचारायला लागेल वह्या दाखवतात का. मी विचारून इथेच टाकतो. काकांचं पूर्ण नाव, गाव, आणि बोटीचं नाव आठवत असेल तर ते व्यनि करा, धाग्यावर नको.